भरलेला परत

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेडच्या दाराशीच
काचेच्या फ्रेमीत कंपनीचा उद्देश टांगलेला.
इंग्रजीत. पुण्याचा सल्लागार देऊन गेला होता,
जेवून, बिल लावून.
आम्ही त्या काचेत भांग पाडायचो.

त्या एप्रिलात वेल्डिंगची गिऱ्हाइकं फोनवर फोन करत,
दंडाचं कलम वाचून दाखवत.
मगदूम मॅडम शेवटपर्यंत ऐकायच्या.
म्हणायच्या, लावा दंड.
आणि पुढचा नंबर फिरवायच्या :
आरग. बेडग. मिरजेतले चार दवाखाने.

काळ्या सिलिंडरांचे खांदे आम्ही पांढरे रंगवले,
एका रात्रीत दोनशे चाळीस.
रंग वाळायच्या आत टेम्पो सुटत.
हमालांच्या मानांवर पांढरे डाग,
ते घरी जाऊन घासून काढायलाही कुणाला वेळ नव्हता.

फळा नव्हता. मॅडमनी फ्रेम उतरवली, उलटी केली,
मागच्या पुठ्ठ्यावर मार्करनं रकाने आखले :
गाव. बेड. किती तास पुरेल.
नग पोचल्याचा फोन आला की ती ओळ
त्या स्वतः खोडायच्या. दुसऱ्या कुणाला खोडू देत नसत.

नियम एकच. डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, नग न्या.
नियम बरोबर होता. गेटवर मी होतो, मला ठाऊक आहे.
पहिल्याच आठवड्यात एक जण
मेव्हण्याच्या नावावर पाच नग घेऊन गेला
आणि तिप्पट भावानं विकताना सापडला.

बुधवारी पहाटे तीनला सावळजचा पोरगा आला,
धैर्यशील पोळ, वय एकोणीस-वीस,
कुणाचा तरी छोटा हत्ती मागून आणलेला,
हौद्यात बेदाण्याचा चिकट वास.
वडील घरीच होते. चिठ्ठी नव्हती.
डॉक्टर फोन उचलत नव्हते.
मी आत जाऊन विचारलं.
मॅडम मॅनिफोल्डपाशी उभ्या,
मास्कच्या दोऱ्यांनी कानामागं सोललेलं.
काट्यावरची नजर न काढता म्हणाल्या,
चिठ्ठी येऊ दे, मुजावर.

चिठ्ठी आली, व्हॉट्सॲपवर, चाळीस मिनिटांनी.
मी लिहिलं : ३.५२. नग एक. सावळज.

नऊ वाजता तोच हत्ती गेटवर.
नग एक. सील जसंच्या तसं.
पोरगा म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी द्या.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

रजिस्टरात रकाना होता 'रिकामे परत'.
भरलेला परत, असा रकाना कुणी आखलेलाच नव्हता.
मी पेन धरून बसलो.
मॅडमनी पेन घेतलं, समासात लिहिलं, सही केली.
सहीचा शेवटचा फाटा
पुढच्या तीन पानांवर उमटला.

दहाला नियम बदलला. आधी नग, मग चिठ्ठी.
हिशेबाचे गद्रे म्हणाले, मॅडम, बुडतील.
बुडू देत.
बुडाले. अकरा.

पावसाळ्यानंतर सांगलीत सत्कार झाला.
निवेदक 'ध्येयनिष्ठ नेतृत्व' असं तीनदा म्हणाला.
मॅडमनी शाल घेतली, भाषण केलं नाही.
परतताना गाडीत विचारलं,
सावळजला किती वेळ लागतो हो?
म्हटलं, रात्रीचा तासभर.
मी मनात वजाबाकी केली. त्यांची झालेली होती.
विश्रामबाग येऊन गेलं, कुणी काही बोललं नाही.

दर मार्चला गद्रे फाईल आणतात.
अकरा नग, या वर्षी तरी बुडीत टाकू या?
मॅडम म्हणतात, येणे बाजूलाच राहू द्यात.
ऑडिटर दर वेळी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतो.

फ्रेम पुन्हा भिंतीवर आहे, उद्देश पुढं.
गेल्या दिवाळीत रंगाऱ्यानं उतरवली तेव्हा
पुठ्ठ्यावरच्या सगळ्या ओळी खोडलेल्या दिसल्या,
एक सोडून.
सावळज. बेड नाही, घरी. किती तास पुरेल —
पुढं आकडा नव्हता.
रंगाऱ्यानं विचारलं, पुसू का?
मी म्हटलं, मॅडमना विचार.
त्यानं विचारलं नाही.
भिंत वाळल्यावर होती तशी लावून टाकली.