गोरज, सहा पस्तीस

फार्गो दारात आली तीच धापा टाकत.
पाय काढला की अंग टाकायची.
महालिंग बेडगे खिडकीतून ओरडला,
“मिसिंग मारालीय ताई, कार्बोरेटर खोला.”
सगळे हेच म्हणतात.
पोट बिघडलं की आधी आचारी आठवतो.

मिरजेच्या माझ्या शेडमध्ये
कार्बोरेटरला हात शेवटी.
हा दस्तगीरचाचांचा नेम,
आणि तो मोडला तेव्हाची त्यांची टपली
अजून माझ्या डोक्याच्या मागे आहे.

आधी वायरी. एकेक उपसली,
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार,
ज्या क्रमानं पेटतात त्याच क्रमानं.
प्रत्येकीला इंजिन तेवढंच खचलं.
म्हणजे सहाही घरं कमावती,
आणि सहाही घरांत एकच ताप.

मग डिस्ट्रिब्यूटरची टोपी.
पॉइंटला खड्डे, कानशीनं घासले,
फिलरची वीस थाऊची पट्टी सरकवली.
ती थोडी कुरकुरत जायला हवी,
नव्या चपलेत पाय जातो तशी.
फरक पडला. थोडाच.

पुलीवरची खूण खडूनं पांढरी केली,
टायमिंग लाइट धरली,
तर खूण आठ अंश पुढे पळालेली.
पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधी
ठिणगी आपली पडून मोकळी.
ही झीज नव्हे. झिजलेलं मागे पडतं.
हे कुणीतरी बोल्ट सैल करून
हातानं फिरवलेलं.
मी फिरवलं नाही लगेच.
कुणी का फिरवलं ते कळेपर्यंत फिरवू नये.

तेलाची चोचदार डबी घेतली,
कार्बोरेटर मॅनिफोल्डवर बसतो त्या सांध्याभोवती
थेंब, थेंब.
मागच्या बाजूचा थेंब थांबलाच नाही,
आत गेला.
आणि दोन श्वास गाडी अशी निवली
की बेडग्यानं चहाचा पेला तोंडाशी तसाच धरला.
“हवा खातेय,” मी म्हटलं. “चोरून.”

इंजिन बंद. नट सोडले.
खाली गॅस्केट म्हणून नुसता पुठ्ठा,
पेट्रोलनं तपकिरी, एका कडेला कुजलेला.
पालथा केला तर अक्षरं.
‘चि. सौ. कां. शां’, पुढं गोल भोक.
गणपतीची अर्धी सोंड.
‘गोरज मुहूर्त, सायं. ६ वा. ३५ मि.’

बेडग्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
“अण्णांची कात्री ही.
शांताक्काचं लगीन, लिंगनूरला.
खांब, कनाती, खुर्च्या, सगळं गाडीत,
आन गाडी आरगच्या ओढ्यात बंद.
अण्णांनी बॉनेटवर बसून पत्रिका कापली.
पोचलो तवा आठ वाजलेले.
वऱ्हाड उघड्यावर.”
“मग?”
“मग काय. नांदतीय की म्हैसाळला.
चार नातवंडं.”

म्हणजे पुठ्ठा कुजत गेला असणार
आणि अण्णा दर सुगीला
ठिणगी जरा जरा अलीकडे ओढत गेले असणार,
एक फट झाकायला
दुसरं काहीतरी वाकडं करत.
मी कोण नाव ठेवणार.
चढाला खडखडत का होईना,
शेकड्यानं मांडव पोचवले तिनं.

नव्या शीटचं गॅस्केट कापलं, बसवलं.
व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं,
डिस्ट्रिब्यूटर धरला, दोन्ही हातांनी,
भरलेला माठ धरावा तसा,
आणि नखभर मागे.
अजून अर्धं नख.
प्रत्येक लखलखाटाला पांढरी रेघ
आपल्या जागी येऊन उभी.

आता कार्बोरेटर, चाचा.
मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत, मग दीड आटा बाहेर,
मग कानानं.
पेला मडगार्डवर ठेवला होता,
चहावरची साय हलेना.

बेडग्यानं पैसे मोजले.
पुठ्ठा मागितला, खिशात घातला, परत काढला,
वास घेतला.
“शांताक्काला दाखवतो.”

गेला.
मी हात पुसत उभी राहिले, चिंधी तशीच हातात.
गांधी चौकात त्याला थांबावंच लागणार,
पाय काढावाच लागणार.
कान तिकडेच होते.
रिक्षा, एक एसटी, कुणाचा तरी हॉर्न,
आणि त्यांच्या खाली, बारीक,
न तुटलेली,
ती.