कल्हई

सूज आहे, डॉक्टर गायधनी म्हणाले.
मी पायांकडे पाहिलं. नडगीवर बोट दाबलं.
खड्डा पडला नाही.
तिथं नाही हो. आत.
रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला.
पडद्यावर करडी नदी दिसत होती,
मे महिन्यातल्या गोदेसारखी, एका वळणावर बारीक.

मला वाटायचं, हे नळासारखं असतं.
तूप खाल्लं, तूप साचलं, नळ तुंबला,
प्लंबर बोलवा.
ते म्हणाले, नळाला जीव नसतो.
ही भिंत जिवंत आहे.
रोज थोडी थोडी चिडते,
आणि चिडलेल्या भिंतीत चरबी मुक्कामाला येते.

मी तांबट आळीतला माणूस.
चाळीस वर्षं ठोके घातले, अर्धे कान त्यातच गेले.
त्यांचं बोलणंही अर्धंच ऐकू आलं,
पण अस्तर म्हटल्यावर
सगळं कळलं.

आमच्याकडे इद्रिस यायचा, भाता घेऊन.
पातेलं धगीवर, नवसागराची चिमूट,
पांढरा धूर, नाकात झणका,
कथलाचा एक ओरखडा, कापसाचा बोळा,
आणि एका फेऱ्यात आतलं तोंड उजळायचं.
बाहेरून चिंच लावून कितीही घासा शेठ, म्हणायचा,
खाणारा आतूनच खातो.

कल्हई उडाली की भांडं ओरडत नाही.
तसंच दिसतं, तसंच वाजतं.
मग एखाद्या दुपारी ताक कळकतं.

माझं कळकलं रविवार कारंज्यापाशी.
पिशवीत अर्धा किलो खारी, पाव किलो जिलबी,
आणि डाव्या जबड्यात कळ.
मला वाटलं दाढ.

शालननं त्या रात्री कढईतलं तेल उजेडात धरलं.
चारदा तळलेलं, काकवीसारखं काळं.
काही बोलली नाही. मोरीत ओतणार होती,
मोरी तुंबेल म्हणून थांबली,
आणि मग ओट्याला टेकून
कितीतरी वेळ हसली, की रडली.

आता जवसाची चटणी.
बाजरीची भाकरी, मेथी, चुका,
मूठभर शेंगदाणे, मोजून.
पिंपळगावची द्राक्षं, सालीसकट.
चहा आठाचे दोन झाले, त्यातही साखर लाजत पडते.
रात्री एक गोळी, कथलाच्या तुकड्याएवढी.

डॉक्टरांना विचारलं, परत कल्हई होते का?
थोडी, म्हणाले. शरीर स्वतःच करतं,
भाता तुमचाच.
तुम्ही फक्त रोज आत आंबट साठवू नका.
आणि गेलेलं सगळं परत येईल
असं मी लिहून देणार नाही.

हा माणूस मला आवडला.
आमच्या धंद्यातही पोचा निघतो,
पण जिथं पोचा होता ती जागा
हाताला कळतेच.

परवा रविवारी मखमलाबाद नाक्यावर मिसळ.
मटकी जास्त, फरसाण नको, कांदा, लिंबू.
पोऱ्या पळी घेऊन थांबला.
रश्श्यावर लाल तवंग, कडेकडेनं हलणारा.
सवयीनं मी वाटीला टिचकी मारली.
स्टील. काही सांगत नाही.
तवंग बाजूला सार, म्हटलं, खालचा दे.
त्यानं पळी खोल बुडवली.
तरी थोडा आलाच वर.
मी बघितलं,
आणि भाकरीचा तुकडा मोडला.