शिक्का क्रमांक सत्तेचाळीस

मुतखडा शोधायला गेले आणि हे सापडलं:
पोटातली महाधमनी, बेंबीच्या जरा वर, फुगलेली.
पाच पूर्णांक आठ सेंटिमीटर.
डॉक्टर नेहेते आकडा हळू बोलले.
मी म्हटलं, टॉलरन्स किती?
ते हसले नाहीत. म्हणाले, साडेपाच.

म्हणजे रिजेक्ट.
चौतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
मी हेच केलं. विमानाच्या नळ्या उजेडाला धरायच्या,
आत बारीक दुर्बीण सरकवायची,
फुगवटा लागला बोटाला की लाल चिठ्ठी.
दुसरी नळी स्टोअरमधून यायची.

गंगापूर रोडच्या त्या थंड खोलीत
मला जागंच ठेवलं होतं.
जांघेत एक टोचणी, मग बधिर,
आणि पडद्यावर माझ्याच आतून वर चढणारी तार,
भिंतीवरच्या पालीसारखी
थांबत, अंदाज घेत.
श्वास धरा, गावित सिस्टर म्हणाल्या.
धरला. औषध सुटलं, काळं,
आणि सगळं दिसलं: फाटे, वळण, तो फुगा.
मग मिटल्या छत्रीसारखं काहीतरी वर गेलं
आणि उघडलं.
कापडाचा नळा, तारेची जाळी.
जुनी भिंत आम्ही काढत नाही, डॉक्टर म्हणाले,
ती तिथंच राहते.
रक्त फक्त तिच्यापर्यंत जात नाही.

एकोणनव्वदचा मार्च. शेवटचा आठवडा.
एक नळी होती. बोटाला शंका आली,
दुर्बिणीला नाही.
निकुंभसाहेब घड्याळाकडे बघत उभे.
मी शिक्का मारला. सत्तेचाळीस, माझा नंबर.
पुढं काही झालं नाही.
झालं नाही म्हणजे
माझ्या कानावर आलं नाही.
कुमुदला वाटायचं, ह्यांना विमानांचं वेड,
आवाज आला की ताटावरून उठून गच्चीवर.
मी आवाज थांबेपर्यंत मोजत असायचो.

आता सहा तास पाय सरळ.
ती चमच्यानं पाणी देते.
फाइलवर लिहिलंय, दरवर्षी स्कॅन, गळती बघायला.
खाली डॉक्टरांची सही, सहीवर शिक्का.
मी तो अंगठ्यानं चोळून पाहिला.

इमारतीवरून घरघर जाते, ओझरच्या अंगाला.
मला उठायचं नाहीये.
उतरलं का गं, मी विचारतो.
इथून कुठं दिसतंय, ती म्हणते,
आणि तरी
खिडकीशीच उभी राहते.