काळा चिमटा सगळ्यात शेवटी

खापरी फाट्यावर, पहाटे पावणेपाचला,
गाडी नुसती टिकटिकली.
मागच्या सीटवर दोर, औषधांची पेटी, खांद्यापर्यंतचे हातमोजे,
आणि फोनवर मारोतराव:
"बाई, म्हशीचं पिल्लू आडवं हाय. या लवकर."

कापसाचा ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस,
केबल घेऊनच उतरला.
तेवढ्यात लुनावरून शालिक नगराळे,
कानाला मफलर, गालात खर्रा, लांबूनच ओरडला,
"हात नोको लावू बे!
तुह्या ट्रकात चोवीस व्होल्ट, हिच्यात बारा.
कम्प्युटर जाईन आतला,
मंग बाईनं काय बैलबंडी जुंपाची?"

पोलीस पाटलांची बोलेरो आली.
नाकासमोर नाक, पण अंगाला अंग नाही.
दिवे, पंखा, रेडिओ, सगळं बंद करवलं त्यानं,
चार्जरचा माझा फोनसुद्धा उपटला.
बॅटरी न्याहाळली. फुगली नव्हती, गळत नव्हती.
लाल माझ्या अधिकला,
लाल पाटलांच्या अधिकला,
काळा पाटलांच्या उण्याला.
चौथा चिमटा हातात, टॉर्च दातात,
माझ्या इंजिनात तो उघडं लोखंड चाचपत राहिला,
जशी मी काही न दिसता
पिल्लाचा खूर शोधते.
"बॅटरीवर नाई लावाचा हा. ठिणगी उडते,
अन् तिथं गॅस असते."

बोलेरो धडधडू लागली. मी किल्लीकडे हात नेला.
"थांबा ना. पाच मिंटं. पिऊ द्या तिले."

फोन दोनदा वाजला.
शालिक तुरीवरच्या धुक्याकडे बघत म्हणाला,
"एकडाव घाई केल्ती. नवी कोरी गाडी, चिमटे उलटे.
सारे दिवे पेटले दिवाळीवानी,
अन् मंग काईच नाई.
साठ हजार भरले.
त्याच्याआधी मीबी लुनावर नव्हतो, बाई."

मग किल्ली. मग आवाज.
उलट्या क्रमानं त्यानं चिमटे सोडवले,
पहिला तोच, सगळ्यात शेवटी लावलेला.
"अर्धा-पाऊण घंटा बंद नोका करू."

म्हणून गोठ्यासमोर गाडी चालूच,
राखणीला मारोतरावांचा नातू, हात बॉनेटवर, ऊब घेत.
आत मी खांद्यापर्यंत म्हशीत.
दोराला मारोतराव हिसका देणार, तर म्हटलं,
थांबा. कळ जाऊ द्या. दम खाऊ द्या तिला.

पोरगं बाहेरून दर मिनिटाला हाळी देत होतं,
"बाई, चालू हाय!"
आणि मला अजून, आतून,
तसं काही उलट ओरडता येत नव्हतं.