सहाशेचा दगड

पाळीवरचा हा रस्ता सोपा आहे.
चढ नाही, वळण एकच.
वैनगंगेचा पूर गावात शिरू नये म्हणून
नगरपरिषदेनं माती टाकली,
मातीवर मुरूम,
मुरमावर पाटी : आरोग्य पथ.
त्यातला ‘आ’ वादळात गळून पडला.
उरलेलं आम्हाला जास्त लागू पडतं.

महादेवाच्या पायऱ्यांपासून
मोक्षधामाच्या टिनाच्या शेडपर्यंत बाराशे मीटर.
दर दोनशेला एक दगड, चुना फासलेला,
वर काळ्या ऑइलपेंटचा आकडा.
सहाशेचा तेवढा जागेवर नाही.
तो कोणीतरी खाली घाटावर नेला,
त्यावर रोज धुणं आपटतात.
म्हणून निम्मा रस्ता झाला
हे मला कानानं कळतं :
धप्. धप्. मग पर्बताबाईचा खोकला.
तिथं मी थांबते,
कमरेवर हात ठेवून
नदी बघत असल्याचं दाखवते.

बूट माझे नाहीत.
लेकीचे, भरतीच्या वेळचे.
आठशे मीटरला तिला तीन सेकंद कमी पडले
आणि त्या तीन सेकंदांवर
घरात दोन वर्षं कोणी बोललं नाही.
आता ती बुटीबोरीला
बिस्किटाच्या कारखान्यात पाळीवर जाते.
माझी पाळी गेल्या वर्षी थांबली,
मग मीही आले इथं, पाळीवर.
बुटात पुढे बोटभर जागा उरते,
तिथं उशीतला कापूस कोंबते.

दसरू डोंग्याजवळ जाळं सोडवत बसलेला असतो.
पहिल्या दिवशी ओरडला,
‘कोन मांगं लागलं वो बाई?’
मी खरंच वळून पाहिलं.
मागे एक टिटवी होती,
आणि तीही माझ्यावर चिडून उडाली.
‘कोनी नाही त मंग काहून पयतं?’
मी रक्तातल्या साखरेचं सांगितलं.
तो गाठ दातानं सोडवत म्हणाला,
‘गोड हाय बाप्पा तुमचा रोग.’

पौषात एक सकाळ अशी आली
की नदीच नव्हती.
धुकं इतकं, की पायातले बूटही
दुसऱ्या कोणाचे वाटले. म्हणजे तसे ते आहेतच.
दोनशे दिसला नाही, चारशे दिसला नाही.
मी धप् ऐकू येण्याची वाट बघत पळत राहिले,
आता येईल, आता येईल,
लाखोरीच्या वावराचा ओला वास येऊन गेला,
धुणं काही येईना.
एवढ्या थंडीत कोण पाण्यात हात घालणार,
हे माझ्या डोक्यात आलंच नाही.
अचानक समोर टिनाचं शेड.
निम्मं झालंच नव्हतं,
एकदम पूर्ण झालं होतं.

चौकीदार शेकोटीशी बसला होता.
‘या, शेका.’
आधी विचारून घेतलं, ही शेकोटी वेगळी ना?
तो हसला. ‘वेगळी हाय जी. पऱ्हाट्या हायेत.’
मग हात शेकले.
हात माझे होते,
धूर दोघांचा.

रात्री फोनवर लेकीनं विचारलं,
‘किती वेळ लागला?’
घड्याळ लावलं नव्हतं गं.
‘आई, घड्याळाशिवाय कसं कळणार?’
माझ्या तोंडून निघून गेलं,
‘असतील तीन सेकंद इकडे-तिकडे.’
पलीकडे शांत.
मशीनची घरघर तेवढी.
मी जीभ चावली, फोन दुसऱ्या कानाला लावला,
आणि तिकडून ती हसली,
नाकातून, लहानपणी हसायची तशी,
हसता हसता म्हणाली, ‘सुट्टी संपली, ठेवते.’

कापूस दवानं ओला झालाय,
खिडकीत वाळत घातलाय.
उद्या थंडी उतरली तर घाटावर धुणं येईल.
आलं तर मी निम्म्यावर थांबेन,
पर्बताबाईला खोकल्याचं विचारेन.
सोपा रस्ता आहे.
नदी जाते, तो काही कुठं जात नाही.