तरसाची विहीर

चौसाळकर गुरुजींनी हजेरीत माझं आडनाव वाचलं,
चष्मा कपाळावर चढवला
आणि फळ्यावर लिहिलं: थ्रॉसेल.
"ओळखा. तृतीय पुरुष, एकवचन. काळ?"
"भविष्य!" अख्खा वर्ग ओरडला.
बसेल, हसेल, थ्रॉसेल.
"आणि धातू?" गुरुजी माझ्याकडे बघत राहिले.
थ्रॉसायचं म्हणजे नेमकं काय करायचं
हे मला अजून सांगता येत नाही.
तेव्हापासून कदीम जालन्यात
कुणाची बस चुकली, कुणाचं लग्न मोडलं
की पोरं म्हणायची, जाऊ दे रे, थ्रॉसेल कधीतरी.

गॅसच्या पुस्तकावर थोरसेल. रेशन कार्डावर ठोसर
(बीडचे ठोसर का, म्हणून एक बाई
स्थळाची चौकशी करून गेल्या).
निजामाच्या वेळचा एक उर्दू कागद होता,
तो मौलवीसाहेबांनी उजेडात धरला, थरासल म्हणाले,
मग म्हणाले, "जेर-जबर काहीच दिलं नाही इथं,
हवं तसं वाचा, मियाँ."

पणजोबा सॅम्युअल, छावणीतले नालबंद.
घोड्याच्या लाथेनं एक पाय आखूड.
पलटण गेली, घोडे गेले, हे राहिले.
का राहिले ते घरात कुणी सांगितलं नाही.
पणजीच्या कबरीवर ग्रेस लिहिलंय,
शेवटपर्यंत हाक मात्र ठकूबाई.

अर्थ सापडला रूथआत्याच्या बायबलात,
नहेम्याच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेला,
जांभळ्या शाईत:
तिकडच्या खेड्यांतला एक पक्षी. छातीवर ठिपके.
एकच ओळ दोनदा, तीनदा म्हणायची खोड.
कुणा गाणाऱ्या माणसाला गावानं चिडवलं असणार,
आणि ते चिडवणं वारसाहक्कानं आमच्याकडं आलं.
सूर तेवढा वाटेत सांडला.
पप्पा चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचे.

पक्ष्यांच्या पुस्तकात शोधलं.
त्याच्या भाऊबंदांना मराठीत कस्तुर म्हणतात.
म्हणजे मी कस्तुरे!
शेजारी दिगंबर कस्तुरे, बियाण्याच्या कंपनीत हिशेबनीस,
चाळीस वर्षं भिंतीला भिंत.
चपला न घालता सांगायला गेलो.
त्यांनी चहा बशीत ओतला.
"आमचं कस्तुरीवरून आहे हो, हरणाच्या बेंबीतल्या.
पक्षीबिक्षी नाही."
मग बशी खाली ठेवून: "तरी बसा."

फोनच्या जुन्या पुस्तकात कस्तुरे पाऊण पान.
थ्रॉसेल एक, तोही नंबर कट झालेला.
मतदार यादीत एक, वय सत्तर, लिंग स्त्री छापलंय.
मुलगी साळवे झाली.
नातवाला विचारलं, माझं आडनाव काय रे?
तो म्हणाला, "आजोबा."

भोकरदनच्या रस्त्याला, पडक्या पागेमागं
पणजोबांनी घोड्यांसाठी खोदवलेली विहीर आहे.
कागदोपत्री थ्रॉसेलची. मग थरासलची झाली. मग तरसलची.
आता टँकरवालेसुद्धा तरसाची विहीर म्हणतात.
गाणारा पक्षी निघाला होता कुठून,
आणि पोचेपर्यंत त्याला सुळे फुटले.

मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा
एक पोरगी कळशी बुडवत होती.
हिला तरसाची का म्हणतात, मी विचारलं.
तिनं मला, बाहेरून आलेल्या माणसाला सांगावं तसं,
सावकाश सांगितलं:
"हितं एक तरस यायचं, रातीला, पानी प्यायला.
लई मोठ्ठं. एक पाय वढीत वढीत."

मी कठड्याला हात लावला. दगड तापलेला होता.
"मग मारलं नाही कुणी त्याला?"

"मारत्यात व्हय?" ती दोर ओढत म्हणाली.
"त्याचीच हाय की हीर."