सारख्या लांबीच्या वायरी

गोकुळ शिरगाव. शेड सतरा. रात्रीचे पावणेदोन.
रॅकमध्ये पाच यंत्रं एकावर एक,
पाच पंख्यांचे पाच निरनिराळे सूर,
आणि लाल क्रेटमध्ये एक्केचाळीस बोर्ड,
प्रत्येकाच्या कपाळावर माझ्या प्रोग्रॅमनं डकवलेली
एका शब्दाची पट्टी : नापास.

बोर्ड तसा साधा. शेतातल्या मोटरीचा स्टार्टर.
त्याचे सांधे अक्काताई चौगले भरतात,
सोळा वर्षं, नाकाला पदर लावून, कथलाच्या धुरात.
सोमवारी पत्रावळे सुपरवायझर म्हणाले,
'हात कापायला लागला काय, मावशी?'
त्या काही बोलल्या नाहीत.
मंगळवारी लक्ष्मीपुरीत जाऊन
नवा चष्मा घेऊन आल्या, हप्त्यावर.

बुधवारी मी नऊ नंबरचा बोर्ड पुन्हा लावला.
पास.
पुन्हा लावला. नापास.
पुन्हा. पास.
सांधा असा घटकेत मन बदलत नाही.
मग बदलतंय कोण?

कम्प्युटर एकेकाला सांगत होता.
सप्लायला : चालू हो.
मग लोडला : ओढ.
मग मीटरला : आता मोज.
आणि मधेच त्याला त्याचं काहीतरी आठवायचं,
व्हायरस हुडकायचा, फाइल आवरायची,
त्यामुळे कधी चाळीस मिलिसेकंद, कधी बाराच.
बारा झाले की रिले अजून थडथडत असायचा
आणि मीटर यायचा ऐन त्या गडबडीत,
अंघोळीला बसलेल्या माणसाचं दार ढकलावं तसा,
दिसेल तो आकडा लिहून घ्यायचा. प्रामाणिकपणे.
पाचही यंत्रं खरंच बोलत होती,
फक्त वेगवेगळ्या क्षणांबद्दल.

वडणग्याला माझे मामा गुळवे होते.
काहिलीभोवती चौघं, दांड्यांना हात लावून,
आणि मामा पाण्यात बोटं बुडवून
रसाची गोळी वळून बघत.
नामू तू उचल, मग सर्जेराव तू,
असं त्यांनी कधी म्हटलं नाही.
काहील एका अंगाला कलली असती,
कुणाचा तरी पाय गेला असता.
एकच शब्द : 'हां.'
चौघांच्या कानात एकदम.
त्याआधी रस कच्चा, त्यानंतर करपलेला.

म्हणून आज मी कम्प्युटरकडून 'हां' काढून घेतला.
त्यानं फक्त कुणी काय धरायचं ते आधी सांगायचं
आणि गप बसायचं.
'हां' आता लोडच्या पाठीतून निघतो,
तांब्यातून मीटरला, स्कोपला, एकदमच पोचतो.
मीटर मनातल्या मनात पंचवीस मिलिसेकंद मोजतो,
मग डोळा उघडतो.
मोजणी फसू नये म्हणून
सगळ्यांना एकाच क्रिस्टलचा ठोका दिलाय.
वायरी टेपनं मोजून सारख्या कापल्या.
एका नॅनोसेकंदात सिग्नल चालतो वीतभर,
आमच्या कामाला एवढ्या नेमकेपणाची गरजच नव्हती.
तरी कापल्या.

साडेतीनला स्कोपवर पिवळी रेघ उठली,
तिच्या शेजारी निळी,
दोनशे वेळा, त्याच जागी, तशीच.
क्रेट उपसत गेलो. अडतीस पास.
तीन खरोखरच वाईट होते,
त्यात एकाचा कपॅसिटर उलटा.
हेही सांगायला पाहिजे.

आठच्या पाळीला अक्काताई आल्या.
नऊ नंबरचा बोर्ड त्यांच्या हातात दिला.
म्हणालो, सांधा बरोबर होता,
आमचीच विचारायची वेळ चुकत होती.
त्यांनी तो नव्या चष्म्यातून ट्यूबलाइटकडं धरून पाहिला,
मग चष्मा कपाळावर सरकवून नुसत्या डोळ्यांनी.
'जुन्यातनं बी असंच दिसत हुतं,' म्हणाल्या,
आणि सोल्डरगन तापायला लावली.